गृहिणीच्या कामाचा आकडा कोणी ठरवायचा?

1808 साली इंग्लंडमध्ये एक घोडागाडी उलटली. तिच्या टपावर पब चालवणारा एक माणूस आणि त्याची बायको बसली होती. त्याला मुका मार लागला. ती महिनाभराने इस्पितळात वारली. धंद्यात तिचा नवऱ्याला मोठा हातभार होता, हे कोर्टापुढे आले होते. तरीही न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी ज्युरीला बजावले, की भरपाई मोजायची ती नवऱ्याच्या अंगावरच्या वळांची, आणि बायको जिवंत होती तेवढ्या दिवसांत त्याला तिच्या सहवासाला मुकावे लागले त्याची. तिच्या मरणानंतरचे काहीही धरायचे नाही, कारण माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगी हानीच नव्हे. नवऱ्याला शंभर पौंड मिळाले.

'बेकर विरुद्ध बोल्टन' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकालाचा छापील अहवाल जेमतेम काही ओळींचा आहे. त्यात आधार म्हणून एकही जुना निकाल दिलेला नाही, कारणमीमांसाही नाही. पण नंतरच्या न्यायाधीशांनी तो प्रमाण मानला, त्यांच्यानंतरच्यांनी त्यांचा आधार घेतला आणि नियम पक्का झाला. कॉमन लॉ म्हणतात तो असा घडतो. त्यावर कुठल्या सभागृहात मतदान होत नाही. समोर आलेल्या एका माणसाच्या तंट्याचा निवाडा करताना न्यायाधीश जे तत्त्व सांगतो, ते पुढच्या तंट्याला लागू पडते. पद्धत चांगली की वाईट हे त्यातून निघालेल्या नियमावर ठरते, आणि हा नियम भयंकर होता. बायकोला जखमी करून सोडले तर भरपाई, जिवे मारले तर काही नाही. गाडीवाल्याच्या खिशाचा विचार केला तर दुसरा पर्याय स्वस्त!

हा नियम मोडायला संसद लागली. आगगाड्या आल्या, माणसे मोठ्या संख्येने मरू लागली आणि लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने 1846 साली मृताच्या बायकोमुलांना भरपाईचा हक्क देणारा कायदा झाला. (तोवर तिथे एक विलक्षण प्रथा होती. ज्या वस्तूच्या हालचालीने माणूस मेला, ती वस्तू किंवा तिची किंमत राजाकडे जमा व्हायची. ज्युरी आगगाडीच्या इंजिनावर भलत्या रकमा लावू लागल्यावर कंपन्या हैराण झाल्या, आणि त्याच वर्षी ती प्रथाही रद्द झाली.) आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी 1853 साली धावली आणि कॅम्पबेल यांच्या कायद्याच्या धर्तीवरचा फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट 1855 साली आला. म्हणजे भारतात मृत्यूची भरपाई मागण्याचा हक्क आला तो न्यायाधीशांच्या औदार्यातून नव्हे, तर सरळ विधिमंडळाच्या लेखणीतून. विलायतेत तो जुना नियम पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा उचलून धरला. जिथे कायद्याने अपवाद केला नव्हता, तिथे 1808 कायम राहिले.

ही गोष्ट आधी सांगण्याचे कारण असे, की 'न्यायालयांनी कायदे करू नयेत, ते काम लोकप्रतिनिधींचे' असे म्हणणारे आणि 'लोकप्रतिनिधी झोपलेले असतात, न्यायालय आहे म्हणून बरे' असे म्हणणारे, दोघेही आपल्या सोयीचीच उदाहरणे पुढे करतात. अपघातात मेलेल्या गृहिणीची भरपाई हा असा विषय आहे की त्यात दोन्ही बाजूंची अब्रू गेलेली आहे. म्हणून तो मला या वादासाठी सर्वांत उपयोगी वाटतो.

आपल्या देशात गुन्हे, करार, पुरावा या सगळ्याची संहिता एकोणिसाव्या शतकातच झाली. राहून गेला तो एकच मोठा प्रांत: कोणाच्या हलगर्जीपणामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याने काय आणि किती द्यायचे. 1886 साली इंग्लिश कायदेपंडित सर फ्रेडरिक पोलॉक यांनी त्याचे विधेयक लिहून दिले होते. त्याचा कायदा कधीच झाला नाही. त्यामुळे तो प्रांत आजही मुख्यतः निकालपत्रांतून चालतो. मोटार अपघातांपुरता मात्र संसदेने हात घातला आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातले कलम 168 अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाला सांगते, की तुम्हाला न्याय्य वाटेल ती भरपाई द्या. एवढेच. न्याय्य म्हणजे किती, ते सांगत नाही.

किती, हे सांगण्याचा एक प्रयत्न संसदेने 1994 साली केला. चूक कोणाची हे सिद्ध न करता झटपट भरपाई मिळावी म्हणून कलम 163-अ घातले आणि सोबत एक तक्ता जोडला, दुसरी अनुसूची. वयानुसार गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणून एकूण भरपाई काढतात तो आकडा), उत्पन्नानुसार रक्कम, सगळे आखीव. ज्याला उत्पन्नच नाही त्याचे काय? त्याचे वर्षाचे उत्पन्न 15,000 रुपये धरायचे. आणि कमावत्या माणसाचा न कमावणारा जोडीदार, म्हणजे बहुतेक वेळा गृहिणी? तिचे उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश.

या एक तृतीयांशाकडे जरा नीट पाहू. तीच धुणीभांडी, तीच पोरांची दुखणीखुपणी, तोच सासूचा औषधपाणी. पण नवरा बँकेत अधिकारी असेल तर या कामाची किंमत एक, आणि तो हमाल असेल तर दुसरी, कितीतरी कमी. खरे तर हमालाच्या घरात पाणी लांबून भरावे लागते, गिरणी दूर असते, हाताखाली मोलकरीण नसते, काम जास्तच. शिवाय विधवा गृहिणी मेली तर एक तृतीयांश कोणाच्या उत्पन्नाचा? सूत्र लिहिणाऱ्यांनी कामाकडे पाहिलेच नव्हते. कमावणाऱ्याकडे पाहून त्याच्या सावलीची लांबी मोजली होती.

तरी सूत्र चुकणे समजू शकते. चुकीचे सूत्र गोठून बसणे जास्त वाईट, आणि लिखित कायद्याचा खरा रोग तो आहे. राहणीमानाचा खर्च पाहून हा तक्ता वेळोवेळी बदलण्याचा अधिकार संसदेने त्याच कलमात केंद्र सरकारला दिला होता. विधेयक नको, चर्चा नको, फक्त एक अधिसूचना. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने तक्त्यातल्या चुका दाखवल्या. 2013 साली तो निरुपयोगी आणि अव्यवहार्य झाल्याचे स्पष्ट सांगितले. अधिसूचना निघाली 2018 साली. जवळपास चोवीस वर्षे न कमावणाऱ्या माणसाचे वार्षिक मोल 15,000 रुपये राहिले. याच काळात थर्ड पार्टी विम्याचे हप्ते मात्र अनेकदा वाढले.

आता न्यायाधीशांनी काय केले ते पाहू. 3 मार्च 1989 रोजी जमशेदपूरला टाटांच्या एका समारंभात मंडपाला आग लागली आणि बायका-मुलांसह साठ माणसे गेली. भरपाईचा हिशेब करण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्याकडे दिले. हा मोटार अपघात नव्हता, त्यामुळे कुठला तक्ता बंधनकारक नव्हता. मोकळी पाटी होती. चंद्रचूड यांनी 34 ते 59 वयाच्या गृहिणीच्या कामाचे मोल वर्षाला 12,000 रुपये धरले. 2001 साली न्यायालयाने ते फार कमी असल्याचे सांगून महिन्याला 3,000, म्हणजे वर्षाला 36,000 केले; वृद्ध गृहिणींसाठी 20,000. पुढे मोटार अपघातांच्या दाव्यांतही वकील हाच आकडा पुढे करू लागले. आगीच्या प्रकरणातला विचार रस्त्यावरच्या प्रकरणात आला, कोणी तो तिथे नेण्याचा ठराव न करता. चांगल्या अर्थाने कॉमन लॉ काम करतो तो असा.

2010 साली न्यायमूर्ती ए. के. गांगुली यांनी आणखी एक गोष्ट उघड केली. 2001 च्या जनगणनेत गृहिणींची गणती बिगरकामकरी म्हणून भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर झाली होती. त्यांनी संसदेला या सगळ्याचा फेरविचार करण्याची विनंती केली. संसदेने फेरविचार केला नाही. 2019 च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच काढून टाकली आणि कलम 164 खाली मृत्यूसाठी सरसकट पाच लाख ठेवले. एका अर्थी हे समतेचे आहे, बँक अधिकाऱ्याची बायको आणि हमालाची बायको इथे सारखी. पण हाही आकडाच, आणि आकड्यांचे काय होते ते आपण पाहिले.

2017 साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने भविष्यातील उत्पन्नवाढीची टक्केवारी ठरवून दिली. स्वतःचा व्यवसाय किंवा ठरावीक पगार असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसासाठी 40 टक्के. अंत्यविधीसाठी 15,000, जोडीदाराच्या सहवासाच्या हानीसाठी 40,000, मालमत्तेच्या हानीसाठी 15,000, आणि या रकमा दर तीन वर्षांनी 10 टक्क्यांनी वाढवायच्या. वाचताना क्षणभर शंका येते, की हे निकालपत्र आहे की राजपत्र. पण हेही खरे, की सरकारला दिलेला जो अधिकार चोवीस वर्षे धूळ खात पडला, तेच काम न्यायालयाने एका वाक्यात करून टाकले. 2021 च्या जानेवारीत तीन न्यायाधीशांच्या पीठाने ही भविष्यातील वाढ गृहिणीच्या काल्पनिक उत्पन्नालाही लागू केली. न्यायमूर्ती रमणा यांनी वेगळे निकालपत्र लिहून 2019 च्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला: घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवते, पुरुष 97.

फरक रुपयांत किती पडतो ते एका काल्पनिक दाव्यावर पाहू. बाई 38 वर्षांची. मागे नवरा, दोन मुले आणि सासू. 1994 च्या तक्त्यातले, उत्पन्न नसलेल्यासाठीचे 15,000 घेतले, स्वतःवरच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा केला आणि 16 ने गुणले, तर 1,60,000 रुपये. आता निकालांच्या वाटेने जाऊ. महिना 12,000 धरले तर वर्षाचे 1,44,000. त्यात 40 टक्के वाढ, 2,01,600. अवलंबून असणारे चार, म्हणून चौथा हिस्सा वजा, 1,51,200. त्या वयाचा गुणक 15. होतात 22,68,000. त्यात इतर शीर्षांखालच्या रकमा वेगळ्या. कुटुंब तेच, बाई तीच.

एवढे वाचल्यावर 'न्यायाधीशांचा विजय असो' म्हणून थांबता येईल. मला थांबता येत नाही, कारण वरच्या गणितातले '12,000' मी धरले. ते कोणी धरायचे?

न्यायाधीशांच्या कायद्याची दुखरी जागा इथे आहे. निकालपत्रांत गृहिणीची स्तुती भरभरून असते. ती घराचा कणा, तिचे प्रेम अमोल, तिच्या सेवेची किंमत पैशांत होणे नाही. आणि अशी पानेच्या पाने झाली, की खाली आकडा येतो रोजंदारीपेक्षा कमी. ही अतिशयोक्ती नव्हे. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला उत्तराखंडातल्या एका प्रकरणात हेच सांगावे लागले, की गृहिणीचे उत्पन्न रोजंदारी कामगारापेक्षा कमी कसे धरता? ती बाई 2006 साली वारली होती. 2001, 2010, 2021 असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ओळीने उभे असताना खालची न्यायालये जुन्याच आकड्याभोवती घुटमळत होती, आणि त्या कुटुंबाला वर येईपर्यंत अठरा वर्षे गेली.

कायद्याचे कलम न्यायाधिकरणाच्या टेबलावर असते. निकाल मात्र कोणी तरी शोधून, छापून, वाचून दाखवावा लागतो. विमा कंपनीच्या पॅनेलवरचा वकील वर्षभर हेच करतो. त्याला प्रत्येक टक्केवारी तोंडपाठ असते. समोर तालुक्याहून आलेला, बायको गमावलेला माणूस आणि त्याने ओळखीतून धरलेला वकील. शिवाय कितीतरी दावे निकालापर्यंत जातच नाहीत, लोकअदालतीत तडजोडीने मिटतात. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. 'मोठ्या कोर्टात जाऊन काय मिळणार, आत्ता चेक घ्या' असे म्हटल्यावर दिल्लीतले निकालपत्र त्या माणसाच्या काहीच कामाचे नसते. आपल्याला काय मिळायला हवे होते हेच त्याला ठाऊक नसते, आणि जे ठाऊक नाही त्याची घासाघीस कशी करणार?

म्हणून माझे म्हणणे असे. न्यायाधीशांनी वीस वर्षे एकेका दाव्यातून जे तत्त्व घडवले, ते आता संसदेने उचलून कलम 168 मध्ये लिहावे. आणि आकडा लिहू नये.

तत्त्व म्हणजे काय लिहायचे? घरकाम हे उत्पन्न मानले जाईल, जोडीदाराच्या कमाईशी त्याचा संबंध असणार नाही. ते अपघाताच्या दिवशी त्या राज्यात कुशल कामगाराला लागू असलेल्या किमान वेतनापेक्षा कमी धरता येणार नाही. भविष्यातील वाढ त्यालाही लागू. यापुढे किती वर जायचे ते न्यायाधीशाने पुराव्यावरून ठरवावे. घरात अपंग मूल असेल, अंथरुणाला खिळलेले सासरे असतील, तर त्याने वर जावेच. किमान वेतनाचा मुद्दा मुद्दाम घातला आहे. महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता महागाई निर्देशांकाप्रमाणे सहा-सहा महिन्यांनी बदलतो. म्हणजे अपघाती भरपाईसाठी कोणा मंत्रालयाने वेगळी आठवण ठेवण्याची गरज उरत नाही.

यावर विमा कंपन्यांचा आक्षेप ठरलेला: कमाल रक्कम आधी माहीत नसेल तर हप्ता कसा बांधायचा? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, हप्ता शेवटी रिक्षावाला आणि स्कूटरवालाच भरतो. पण विम्याचा धंदाच अनिश्चिततेचे गणित मांडण्याचा आहे. नोकरदार माणसाच्या मृत्यूची भरपाई आजही पगारानुसार बदलते, तिला कमाल मर्यादा नाही, आणि कंपन्या त्यावर बुडालेल्या नाहीत. अनिश्चितता फक्त गृहिणीच्या बाबतीतच का बोचते?

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो, आणि तो स्त्रीवादी मैत्रिणींकडून येतो. घरकामाला कुशल कामगाराचे वेतन लावले की ते बाईचेच काम, हे कायद्यानेच ठरल्यासारखे होत नाही का? काही अंशी होते. त्यावर उपाय म्हणून कलमात 'गृहिणी' हा शब्दच नसावा. घरकाम आणि संगोपन करणारी व्यक्ती असावी, बाई असो वा पुरुष. उद्या 97 मिनिटांची दीडशे झाली तर त्या पुरुषाच्या वारसांनाही त्याचा लाभ मिळू दे. पण मोजायचेच नाही, हा पर्याय मात्र मला मान्य नाही. दाव्यात ज्याचा आकडा नाही त्याची भरपाई शून्य असते, आणि दोनशे वर्षांपूर्वी लॉर्ड एलनबरो यांनी नेमके तेच केले होते.

उरतो लोकशाहीचा मुद्दा, निवडून न आलेल्या माणसांनी कायदा का करावा. भरपाईच्या बाबतीत तरी मला यात फारसा दम वाटत नाही. 'न्याय्य वाटेल ते द्या' असे संसदेनेच लिहिले आहे; न्यायाधीशांनी घुसखोरी केलेली नाही, त्यांना बोलावून आणले आहे. 1855 चा कायदा दाद मागणारे नातेवाईक मोजून देतो: पती, पत्नी, आईबाप, मुले. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघातात भावालाही दावा करू दिला, कारण आपल्याकडची कुटुंबे त्या यादीत मावत नाहीत. निवडून आलेल्या कोणी त्यावर तक्रार केल्याचे मला आठवत नाही. तक्रार करावी अशी गोष्ट वेगळी आहे. न्यायालयाने चाचपडत जे शोधले ते तपासून, गरज तर दुरुस्त करून, कायद्यात उतरवणे हे संसदेचे काम. ते तिने 2019 साली कायदा हातात असताना केले नाही. तक्ता काढला, पाच लाख लिहिले आणि गृहिणीचा प्रश्न जिथे होता तिथेच ठेवला.

आणि एक भर त्या कलमात हवीच. 2020 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे विदर्भातल्या एका बाईच्या मृत्यूचा दावा आला. ती मजुरीला जायची आणि घरचेही सगळे करायची. खंडपीठाने दोन्ही कामे वेगवेगळी धरली आणि दोन्हींची भरपाई दिली. महाराष्ट्रातल्या शेतमजूर बाया अशाच जगतात. पहाटेचा स्वयंपाक उरकून निंदणीला जातात आणि संध्याकाळी परत चुलीपाशी बसतात. दाव्यात मात्र त्यांची मजुरी तेवढी लिहिली जाते, कारण तिचा हजेरीपट निदान कुठे तरी असतो. बाहेरच्या कमाईमुळे घरकामाचे मूल्य शून्य होणार नाही, असे एक वाक्य कलमात असले तर पुढच्या प्रत्येक मजूर बाईच्या नवऱ्याला नागपूरचा निकाल शोधत बसावे लागणार नाही.